परराज्यातील शिकाऱ्याचा अर्ज

अमेरिकेत रानातील जनावर जमीनमालकाचे नसते. राज्य ते जनतेच्या वतीने सांभाळते. म्हणून वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्नच्या शिकारीस येणाऱ्या परराज्यीयास आधी अर्ज करून सोडतीत उतरावे लागते. (तिकडे यास अँटिलोप म्हणतात, पण आपल्या काळविटाच्या कुळातला हा प्राणी नव्हे.) परवाने मोजके, त्यांत बाहेरच्यांचा वाटा सुमारे पाचवा. त्यातलेही पाऊण ज्यांच्या गाठी वर्षानुवर्षे पैसे भरून साठविलेले गुण अधिक त्यांना. उरलेले पाव नशिबाला. शुल्क स्थानिकांच्या कितीतरी पट.

हा पंक्तिप्रपंच नव्हे काय? मोंटानातील एल्क-शिकारीच्या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, हौसेची शिकार हा मूलभूत हक्क नव्हे. सबब भेद चालेल. नऊपैकी तीन न्यायमूर्तींना हे पटले नाही.