मूठ सुटते कशी?

विद्यार्थीमित्रांनो, उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा. मनात दहा अंक मोजा आणि मूठ एकदम उघडा. बोटे लगेच सरळ झाली ना? यात विशेष ते काय, असे तुम्ही म्हणाल. मूठ आवळण्यास जोर लागतो, सोडण्यास काहीच लागत नाही, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. बोटे उघडणारे स्नायू निराळे असतात हे खरे. पण आवळणारे स्नायू सैल पडल्याखेरीज त्यांचे काही चालत नाही, आणि स्नायू सैल पडणे हे एक कामच आहे. कवायतीत 'सावधान' हा जसा हुकूम आहे तसाच 'विश्राम' हाही हुकूमच आहे!

काही घराण्यांत जन्मतःच असा दोष आढळतो की, मूठ नीट आवळली जाते, पण सोडू म्हटले तरी काही सेकंद सुटत नाही. बराच वेळ बसलेला माणूस उठून चालू लागला की पाय लाकडासारखे ताठ होतात. या लक्षणाला मायोटोनिया म्हणतात.

एका डॉक्टरची व्यथा

श्लेस्विग प्रांतातील कापेल्न गावी डॉ. युलियुस थॉमसन हे वैद्यकी करीत. त्यांना स्वतःला हा विकार होता व घराण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. त्यांच्या धाकट्या मुलाला सैन्यभरतीसाठी बोलावणे आले. दिसायला धडधाकट तरुण, पण हुकूम मिळताच पाय उचलत नाही! अधिकाऱ्यांना वाटले की, हा सैन्यातील नोकरी टाळण्यासाठी सोंग करतो आहे. तेव्हा थॉमसन यांनी १८७६ साली स्वतःच्या घराण्याची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. हे सोंग नव्हे, आनुवंशिक विकार आहे, हे त्यांना सिद्ध करायचे होते. त्यांचे म्हणणे खरे होते. त्यामागील कारण कळायला मात्र पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

स्नायूचे काम कसे चालते?

ऐच्छिक स्नायूच्या तंतूत ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे अतिसूक्ष्म धागे असतात. चेतातंतूतून संदेश आला की स्नायुतंतूच्या पटलावरून विजेचा एक स्पंद धावतो. त्यासरशी तंतूच्या आतील कोठारांतून कॅल्शियमचे आयन बाहेर पडतात. कॅल्शियम आला की मायोसिन ॲक्टिनला पकडून ओढू लागते, धागे एकमेकांवरून सरकतात व स्नायू आखूड होतो.

सैल पडण्यासाठी तीन गोष्टी घडाव्या लागतात. विजेचे स्पंद थांबले पाहिजेत. कॅल्शियम परत कोठारात गेला पाहिजे. आणि मायोसिनची पकड सुटली पाहिजे. कॅल्शियम परत ओढणारे प्रथिन म्हणजे विहिरीवरच्या पंपासारखेच एक यंत्र आहे. पंपाला वीज लागते, तसे याला एटीपी हे इंधन लागते. एटीपीच्या एका रेणूमागे ते कॅल्शियमचे दोन आयन आत ओढते. पकड सुटण्यासही एटीपीच लागतो. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठ होते ते यामुळेच. इंधन संपलेले असते आणि पकड सुटत नाही!

विजेचा लगाम

आता पहिल्या गोष्टीकडे, म्हणजे स्पंद थांबण्याकडे वळू. विश्रांत स्नायुतंतूच्या पटलाच्या दोन बाजूंत सुमारे ९० मिलिव्होल्ट विभवांतर असते. आकडा लहान वाटतो, पण पटलाची जाडी ६ नॅनोमीटर धरून भागाकार करून पाहा. एका मीटरला दीड कोटी व्होल्ट इतके तीव्र विद्युतक्षेत्र मिळते. कोरड्या हवेत ठिणगी पडण्यास मीटरला सुमारे तीस लाख व्होल्ट पुरतात!

स्पंद येतो तेव्हा सोडियमचे आयन आत शिरतात आणि मग पोटॅशियमचे बाहेर पडतात. पटलाच्या आत गेलेल्या अरुंद नळ्यांत हा पोटॅशियम थोडाफार साचतो व पुन्हा स्पंद निर्माण करू पाहतो. निरोगी स्नायूत त्याचे काही चालत नाही, कारण पटलात क्लोराइड आयनांसाठी खास वाटा असतात. विश्रांत पटलाच्या विद्युतवाहकतेचा बहुतांश भाग या वाटांचाच असतो. त्या विभवांतराला मूळ जागी धरून ठेवतात.

शाळेच्या घंटेवर टोल दिला की नाद बराच वेळ घुमतो. घंटेला हात लावला की तत्काळ थांबतो. क्लोराइडच्या वाटा म्हणजे घंटेवरचा हा हात. त्या बिघडल्या की संदेश एकच येतो, पण स्पंद मागून स्पंद उठत राहतात. मेंदूने 'सोड' म्हटले तरी स्नायू स्वतःच्याच विजेने आवळलेला राहतो. अशा स्नायूत सुई घालून हे स्पंद ध्वनिवर्धकावर ऐकले, तर मोटारसायकल रेस करावी तसा चढउतार होणारा आवाज येतो.

शेळ्यांनी दिलेला पुरावा

आपल्याकडे रानात चरणारी शेळी कुत्र्याच्या भुंकण्याने दचकली की टणकन उडी मारून पळते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात मात्र १८८०च्या दशकापासून अशा शेळ्या माहीत आहेत की, ज्या दचकल्या की जागच्या जागी ताठ होतात आणि कधी आडव्या पडतात. त्या बेशुद्ध होत नाहीत. थोड्या वेळाने उठून चालू लागतात. १९६०च्या दशकात ब्रायंट आणि लिपिकी या संशोधकांनी त्यांचे स्नायू तपासले, तेव्हा पटलाची क्लोराइड-वाहकता फारच कमी आढळली. १९९२ साली माणसातील दोषही सापडला. क्लोराइडची वाट घडविणारे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे, आणि थॉमसन यांच्या विकारात ते बिघडलेले असते.

थॉमसन यांच्या प्रकारात दोष प्रभावी असतो; आई किंवा वडील यांच्यापैकी एकास विकार असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी. बेकर यांनी वर्णिलेल्या प्रकारात दोष अप्रभावी असतो. आईवडील दोघेही निरोगी वाहक असले, तर प्रत्येक अपत्यामागे शक्यता एक चतुर्थांश. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे अनेक समाजांत आहे. एकाच आजोबांकडून आलेले दोषी जनुक पतिपत्नी दोघांतही असण्याचा संभव अशा विवाहात वाढतो.

इतर बिघाड

लगाम अन्य ठिकाणीही तुटू शकतो. सोडियमची वाट नीट बंद झाली नाही, तर थंडीत स्नायू आखडतात. जालन्यातील डिसेंबरची पहाट अशा माणसाला जड जाईल. १९६९ साली ब्रॉडी यांनी वर्णिलेल्या विकारात कॅल्शियमचा पंपच मंद असतो. तेथे जादा स्पंद मुळीच नसतात, तरी स्नायू सावकाश सैल पडतो. मायोटोनिक डिस्ट्रॉफी या विकारात स्नायू हळूहळू क्षीणही होतात आणि डोळे व हृदय यांनाही बाधा पोहोचते. म्हणून नेमका प्रकार डॉक्टरांनीच ठरवावा. हृदयाच्या ठोक्यांसाठीचे मेक्सिलेटिन हे औषध सोडियमच्या वाटांना आवर घालून मायोटोनिया कमी करते, पण ते त्यांच्याच सल्ल्याने घ्यायचे. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही विकाराची कल्पना द्यावी, कारण स्नायू सैल करण्यासाठी दिले जाणारे एक औषध अशा रुग्णास उलट ताठ करते.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती. वर्गात एखादा मुलगा सुदृढ दिसतो, पण शिट्टी वाजताच धावू शकत नाही, कबड्डीत पहिल्या चढाईला अडखळतो आणि चार पावले चालल्यावर मोकळा होतो. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी मूठ आवळून उघडायला सांगावी. थॉमसन यांच्या विकारात हालचाल पुन्हा पुन्हा केली की स्नायू मोकळे होत जातात. मूठ पहिल्यांदा सुटायला वेळ लागला आणि पाचव्यांदा चटकन सुटली, तर पालकांना बोलावून डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला द्यावा. थॉमसन यांच्या मुलावर जो आळ आला, तो आपल्या वर्गात कोणावर येऊ नये.

विचार करा

१. पटलाची जाडी ८ नॅनोमीटर धरल्यास विद्युतक्षेत्र किती येईल?
२. ब्रॉडी यांच्या विकारात सुई घातल्यावर मोटारसायकलसारखा आवाज का येणार नाही?
३. अप्रभावी दोषाचे वाहक असलेल्या दांपत्याची पहिली तीन मुले निरोगी आहेत. चौथ्यास विकार होण्याची शक्यता किती?