शेजाऱ्याचा श्वास आणि आपला धूर

विडी-सिगारेट ओढणे मकरूह की हराम, या प्रश्नावर आपल्या बैठकांत पुष्कळ चर्चा होते. परंतु ज्याने कधी विडीला हात लावला नाही, त्याच्या छातीत शिरणाऱ्या धुराचा प्रश्न मागेच राहतो. श्रीरामपुरात आपल्या अनेक मोहल्ल्यांत घरे भिंतीला भिंत लागून आहेत. एका खिडकीतील धूर दुसऱ्या घरातील पाळण्यापर्यंत सहज पोहोचतो.

हा हुकूकुल इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्कांचा विषय आहे. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही तो ईमानवंत नव्हे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शपथेवर तीनदा बजावले. कच्चा लसूण वा कांदा खाऊन मशिदीत येऊ नये, हीही त्यांचीच शिकवण. लसूण हलाल आहे, तरीही त्याच्या वासाने दुसऱ्याला होणारा त्रास गैर ठरला. मग दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडणाऱ्या धुराविषयी काय म्हणावे?

फिकहने हे तत्त्व कायद्यात उतरवले. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहच्या आधारे ‘मजल्ला’ ही संहिता तयार झाली. भट्टीचा धूर वा तेलघाण्याची दुर्गंधी यांमुळे शेजारच्या घरात राहणे अशक्य झाले, तर ती अतोनात हानी होय आणि ती कोणत्याही उपायाने दूर करावी, असे तिचे १२०० वे कलम सांगते.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने गेला. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान हा सार्वजनिक उपद्रव ठरवला. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अशा धूम्रपानास मनाई केली. पुढे २००३ चा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. त्यांनुसार बसस्थानक, रेल्वे स्थानक, उपाहारगृह, कार्यालय येथे धूम्रपान केल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड होतो.

घरातील धुराला मात्र हा कायदा लागू नाही. तेथे शेजाऱ्याला खासगी उपद्रवाचा दावा दिवाणी न्यायालयात करता येतो. उपद्रव संपूर्ण वस्तीला होत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

वाचकहो, पायरी मात्र सोडू नका. प्रथम एकांतात, नरमाईने बोला. मग मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांना मध्यस्थ करा. त्यानेही भागले नाही, तर कायद्याचे दार ठोठावणे म्हणजे भाईचाऱ्याशी द्रोह नव्हे. जुलूम करणाऱ्या भावाचा हात रोखणे हीच त्याची मदत, असे प्रेषितांनीच (स.) शिकवले आहे.

आणि विडी आपल्याच हातात असेल, तर शेजाऱ्याच्या तक्रारीची वाट पाहू नका. माणसाचा हक्क बुडवला, तर केवळ तौबा पुरत नाही. त्या माणसाची माफीही मागावी लागते. कोणाच्याही श्वासाचे देणे आपल्या माथ्यावर न राहो, अशी तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.