चिपरची पाती बोथट झाली की हात आत जातो



गोडी छाटणी तोंडावर आली आहे. काड्या बांधावर जाळण्याऐवजी चिपरमधून काढून बागेतच आच्छादन करणारे सदस्य आता बरेच झालेत. पण यंत्र एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेडमध्ये उभं केलेलं असतं ते तसंच असतं. ते बागेत नेण्याआधी अर्धा दिवस त्याच्यासाठी काढा. मेसेज लांब आहे, सावकाश वाचा आणि यंत्र चालवणाऱ्या माणसालाही वाचून दाखवा.

*आधी भुगा बघा*

पात्याला धार असली की काडी पात्यानेच आत ओढली जाते. आपण टोक हॉपरमध्ये धरायचं आणि सोडून द्यायचं. तुकडे स्वच्छ कापलेले, साधारण सारख्या मापाचे पडतात. धार गेली की पहिल्यांदा तुकड्यांना दोरे सुटायला लागतात, साल लोंबते, अर्धा माल पावडर होऊन पडतो. मग बाहेर टाकणारा पाइप तुंबतो, ट्रॅक्टरचा आवाज दबतो. आणि काडी आत जायला तयार नसते, म्हणून माणूस ती हाताने रेटतो. अपघात इथेच होतो. काडी अचानक ओढली जाते आणि तिच्या फाट्यात अडकलेली बाही किंवा बोटं तिच्यासोबत जातात. धार लावणं हे डिझेल वाचवायचं काम आहेच, पण त्याआधी ते हात वाचवायचं काम आहे. *काडी रेटावी लागली की काम तिथेच थांबवा.*

बाकीच्या बिघाडाचं मूळही बहुतेक वेळा पात्यातच सापडतं. बोथट पातं कापत नाही, ठेचतं. त्याचा भार बेल्टवर येतो, बेल्ट घसरून जळतो, मग तो जास्त ताणला जातो आणि त्या ताणाने बेअरिंग जातं. एका मळ्यात एकाच हंगामात तीन वेळा बेल्ट बदलले होते, पाती मात्र यंत्र घेतल्यापासून उघडलेलीच नव्हती.

*हात लावण्यापूर्वी*

ट्रॅक्टर बंद करा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा आणि पीटीओ शाफ्ट ट्रॅक्टरपासून काढून ठेवा. नुसता पीटीओचा लिव्हर पाडून चालत नाही. आतली चकती जड असते, इंजिन बंद झाल्यावरही ती बराच वेळ फिरत राहते. आवाज पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नका. उघडल्यावर चकतीला लॉक पिन असेल तर ती लावा, नसेल तर लाकडाची पाचर घट्ट बसवा. एक पातं सैल केलं की वजन एका बाजूला जाऊन चकती आपोआप फिरते आणि बोट दुसऱ्या पात्याखाली सापडतं. यंत्र बंद असतानाही बोट तुटू शकतं ते असं. पाती काढताना जाड चामड्याचे हातमोजे घाला.

*पाती काढणं आणि धार*

प्रत्येक पातं कुठल्या जागेवर होतं त्याची खूण रंगाने करून ठेवा. ॲलन बोल्टच्या खाचेत चीक आणि भुसा दगडासारखा बसलेला असतो. तो खिळ्याने पूर्ण उकरून काढा आणि मगच की लावा, नाहीतर खाच गोल होते आणि बोल्ट ड्रिल करून काढायची वेळ येते. काही यंत्रांची पाती दोन्ही बाजूंनी धारेची असतात. तुमची तशी असतील तर आधी उलटवून वापरा, धार लावायचा खर्च पुढे जातो.

धार लावायला पाती वर्कशॉपमध्ये द्या, जिथे सरफेस ग्राइंडरवर पाणी सोडत घासतात. घरच्या हँड ग्राइंडरने धार लावलेली पाती मला आवडत नाहीत. धार लाटेसारखी वरखाली होते आणि पोलाद तापून निळं पडतं. निळं पडलं म्हणजे तिथली कडकी गेली, ती धार फार टिकणार नाही. वर्कशॉपवाल्याला तीन गोष्टी सांगा. मूळ उताराचा कोन तोच ठेवायचा. फक्त उताराची बाजू घासायची, सपाट बाजू नाही. आणि एका पात्याला मोठी खाच पडली असली तरी संचातली सगळी पाती सारखीच घासायची. परत आणल्यावर ती काट्यावर तोलून बघा. वजनात फरक राहिला तर यंत्र थरथरतं आणि ती थरथर बेअरिंग खाते.

बोल्टच्या भोकापाशी बारीक चीर दिसली किंवा घासून घासून पातं कंपनीच्या पुस्तिकेतल्या मापापेक्षा अरुंद झालं, तर ते बादच करायचं. पात्यावर वेल्डिंग करून भर टाकू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने कडक पोलाद ठिसूळ होतं, आणि वेगात सुटलेला तुकडा पत्रा फाडून बाहेर येतो. नवीन पाती पूर्ण संचच घ्या. एक नवीन आणि बाकी जुनी असं करू नका.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. जो असेल तोच आकडा दुकानातून मागा. साधा बोल्ट इथे चालत नाही. नायलॉनच्या नटाची पकड एकदा उघडल्यावर कमी होते, ते नट दरवेळी नवीन टाका. किंमत किरकोळ आहे.

*खालचं स्थिर पातं*

हे बहुतेक जण विसरतात. फिरतं पातं या पात्यावर काडी कापतं, कात्रीच्या दुसऱ्या पात्यासारखं. त्याची कड गोल झाली असेल तर वर कितीही धार लावा, दोरे पडतच राहतील. बऱ्याच यंत्रांत ते उलटवून दुसरी कड वापरता येते.

दोन्हींमधलं अंतर पुस्तिकेत दिलेलं असतं, ते पाळा. छोट्या चिपरमध्ये ते साधारण १ ते २ मिमी असतं. फीलर गेज गॅरेजवाल्याकडे मिळतं. नसेल तर लोखंड कापायच्या हॅकसॉचं ब्लेड साधारण ०.६५ मिमी जाड असतं, तशी दोन एकत्र धरली की अंदाजे १.३ मिमी होतात. मोजताना एकाच जागी मोजू नका. पुली हाताने हळू फिरवत प्रत्येक पातं, आणि प्रत्येक पात्याची दोन्ही टोकं तपासा. एका टोकाला अंतर कमी आणि दुसऱ्याला जास्त आलं तर पात्याखाली भुसा अडकलेला असतो किंवा बेअरिंगमध्ये खेळ आलेला असतो.

*बेअरिंग, बेल्ट, हातोड्या*

पाती काढलेली असतानाच शाफ्ट दोन्ही हातांनी वरखाली हलवून बघा. खटखट जाणवली तर बेअरिंग बदला, हंगामाच्या मध्यात ते नक्की दगा देईल. नंबर बेअरिंगवर कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून दुकानात न्या. ग्रीस देताना गनचे एक-दोन दाबच पुरतात. पचपचून भरलं तर सील फुटतं आणि तिथून धूळ आत जाते. सुतळी किंवा प्लास्टिकची पट्टी शाफ्टला गुंडाळलेली असेल तर ती कापून काढा, तिनेही सील जातं.

बेल्ट दोन-तीन असतील तर सगळे एकदम बदला, कारण जुना ताणलेला असतो आणि सगळा भार नव्यावर येतो. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का ते ताणलेल्या दोरीने बघा. श्रेडरच्या हातोड्यांचा एक कोपरा झिजला तर त्या फिरवून दुसरा कोपरा वापरा. बदलायच्या झाल्या तर समोरासमोरच्या जोडीने बदला.

*शिअर बोल्ट*

पीटीओ शाफ्टवरचा हा बोल्ट मुद्दाम मऊ दिलेला असतो. आत दगड किंवा मंडपाची तार गेली की आधी तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा, एवढ्यासाठीच तो आहे. “सारखा तुटतो” म्हणून तिथे कडक बोल्ट टाकलेला मी बऱ्याच ठिकाणी बघतो. तो सारखा तुटत असेल तर पाती बोथट आहेत किंवा काड्या एकदम कोंबल्या जातायत, ते दुरुस्त करा. मूळ मापाचे चार-पाच बोल्ट टूलबॉक्समध्ये जास्तीचे ठेवा.

*जोडून झाल्यावर*

आत पाना राहिला नाही ना, हे बघा. पाचर आणि लॉक पिन काढा. पुली हाताने दोन वेढे फिरवा, कुठे घासत नसेल तरच झाकण बंद करून बोल्ट लावा आणि शाफ्ट जोडा. कमी वेगावर रिकामं चालवा, कान देऊन ऐका, मग ५४० फेऱ्यांपर्यंत न्या. दहा मिनिटांनी पुन्हा बंद करा, शाफ्ट काढा आणि पात्यांचे बोल्ट परत आवळा. नवीन बसवलेले बोल्ट पहिल्या तासात थोडे सैल होतातच.

धार टिकवायची असेल तर छाटणीच्या वेळीच काड्या मातीत ओढू नका. मातीतली वाळू धार जितकी खाते तितकं लाकूड खात नाही. तारेचे तुकडे, ठिबकच्या नळ्या, सुतळी बाजूला काढणारा एक माणूस ढिगाजवळ ठेवा. यंत्रावरच्या माणसाच्या गळ्यात उपरणं नको, हातात कडं नको. ताईंनी पदर खोचून, वरून बटणाचा शर्ट घालावा.

कोणाला शंका असेल तर आपल्या यंत्राच्या भुग्याचा मूठभर फोटो उजेडात काढून याच नंबरवर पाठवा, सोबत यंत्र कुठलं आणि धार शेवटची कधी लावली ते लिहा. धार लावायला पाती एकत्र पाठवायची आहेत. काढलेली पाती गोणपाटात गुंडाळून, वर नाव लिहून शनिवारी दुपारपर्यंत गोदामात आणून द्या.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी