सावित्रीच्या सोबतीने

(महाबळेश्वरच्या डोंगरातून कोकणच्या किनाऱ्यावरील श्रीवर्धनपर्यंत केलेल्या एका दिवसाच्या प्रवासाचे वर्णन या पाठात आहे. डोंगर, नदी आणि समुद्र यांचे नाते कसे असते, हे या प्रवासात एका मुलीला समजते.)

जून महिन्याचा पहिला आठवडा होता. शाळा उघडायला अजून काही दिवस बाकी होते. एके रात्री श्रीवर्धनहून नानांचा फोन आला. फोन ठेवल्यावर अम्मी बराच वेळ काही बोललीच नाही. मग ती अब्बांना म्हणाली, "नाना वाडी विकणार आहेत. घेणारा माणूस उद्या दुपारी दोन वाजता कागद घेऊन येणार आहे."

नानांची वाडी म्हणजे सुपारी आणि नारळाची बाग. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आले. ताशी शंभर किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने वारा सुटला होता. काही तासांत श्रीवर्धनच्या कितीतरी वाड्या आडव्या झाल्या. नानांच्या वाडीतही मोजकीच झाडे उभी राहिली. सुपारीच्या झाडाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. "आता या वयात नवी झाडे लावून त्यांची सुपारी मी कधी पाहणार?" असे नाना चार वर्षांपासून म्हणत होते.

"फोनवर असल्या गोष्टी ठरत नाहीत. आपण सकाळीच निघू," अब्बा म्हणाले. एस.टी.ने जायचे तर वाटेत गाड्या बदलाव्या लागल्या असत्या. म्हणून अब्बांनी ओळखीच्या एका ड्रायव्हरकाकांची गाडी ठरवली. काका मूळचे पोलादपूरचे. घाटातले प्रत्येक वळण त्यांना तोंडपाठ होते.

सकाळी आठ वाजता आम्ही निघालो. बाजारपेठेतली दुकाने अजून बंद होती. चहूकडे दाट धुके पसरले होते. अंगात स्वेटर असूनही थंडी वाजत होती. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे, आणि आम्हांला तर थेट समुद्राच्या काठाला उतरायचे होते.

"काका, आपण दोनच्या आत पोहोचू ना?" अम्मीने विचारले.

"एरवी चार तासांत पोहोचतो, ताई. पण घाटाचा नेम नसतो. बघू या," काका म्हणाले.

माझ्या धाकट्या भावाला खिडकीतून काहीच दिसेना. तो कंटाळला. तेव्हा काका त्याला म्हणाले, "आज आपल्याबरोबर आणखी एक प्रवासी आहे. तीसुद्धा महाबळेश्वरहून निघून समुद्राला जाते. ओळख पाहू, कोण?"

मी चटकन म्हणाले, "सावित्री नदी!"

जुन्या महाबळेश्वरला कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. आम्ही शाळेच्या सहलीत ते ठिकाण पाहिले होते. कृष्णा पूर्वेकडे वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरते आणि सुमारे शंभर किलोमीटरमध्येच अरबी समुद्र गाठते. डोंगराच्या एकाच माथ्यावर पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले, तरी एक पूर्वेच्या समुद्रात जाऊ शकतो आणि दुसरा पश्चिमेच्या! नकाशात हे मी अनेकदा पाहिले होते. आज ती वाट प्रत्यक्ष पाहायला मिळणार होती.

प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि आंबेनळी घाट सुरू झाला. १६५६ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी बांधलेला हा किल्ला त्या दिवशी धुक्यात पार दडून गेला होता. रस्त्याच्या एका बाजूला उंच कडा, तर दुसऱ्या बाजूला खोल दरी. काकांनी दिवे लावले आणि गाडीचा वेग अगदी कमी केला. प्रत्येक वळणावर ते हॉर्न वाजवत. समोरून चढावर गाडी आली की थांबून तिला आधी वाट देत.

"काका, उतारावर गाडी आपोआप जाते. मग गिअर कशाला?" भावाने विचारले.

"गाडी आपोआप गेली, तर ती आपल्या ताब्यात राहत नाही, बाळ," काका म्हणाले. "नुसता ब्रेक दाबत राहिले तर ब्रेक तापतो आणि नेमका हवा तेव्हा लागत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. मग इंजिनच गाडीला धरून ठेवते."

निम्मा घाट उतरलो असू, तेवढ्यात पुढे गाड्यांची रांग दिसली. रात्रीच्या पावसाने दरडीचा काही भाग रस्त्यावर आला होता. माती काढायचे काम चालू होते. एक तास गेला, दीड तास गेला. अम्मी सारखी घड्याळाकडे पाहत होती. मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे नानांना कळवताही येईना. थोड्या वेळाने एका बाजूची माती निघाली. दोन-तीन मोटारी दरीच्या कडेने जागा काढून पुढे गेल्या.

"काका, आपणही जाऊ या ना!" अम्मी काकुळतीने म्हणाली.

काकांनी मान हलवली. "ताई, जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला होता. हा रस्ता तेव्हा जागोजागी तुटला. अशा कडेला खालची माती धरून आहे की नाही, हे वरून दिसत नाही. रस्ता पुरता मोकळा झाला की मी एक मिनिटही थांबणार नाही. तुमची मुले गाडीत आहेत."

अम्मी गप्प झाली. अब्बा हळूच म्हणाले, "काकांचे बरोबर आहे."

रस्ता मोकळा व्हायला आणखी एक तास लागला. आम्ही पोलादपूरला उतरलो, तेव्हा धुके कुठल्या कुठे गेले होते. ऊन चटचट लागत होते. आम्ही स्वेटर काढून टाकले. दर हजार मीटर खाली उतरले की हवेचे तापमान साधारण सहा अंशांनी वाढते, हे भूगोलाच्या पुस्तकातले वाक्य त्या दिवशी अंगाला कळले. स्ट्रॉबेरीची शेते आणि जांभळीची झाडी जाऊन आता आंबा, काजू आणि कौलारू घरे दिसू लागली. पुलाखाली सावित्री दिसली. खडकांमधून पाण्याची बारीकशी धार वाहत होती.

"एवढीशीच?" भाऊ म्हणाला.

"हिला एवढीशी समजू नकोस," काका म्हणाले. महाडजवळच्या नव्या पुलावर त्यांनी गाडी थोडी हळू केली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात इथला इंग्रजांच्या काळातला जुना दगडी पूल वाहून गेला. दोन एस.टी. बसगाड्या आणि इतर काही वाहने अंधारात नदीत पडली. अनेक माणसे बुडाली. त्यानंतर वर्षाच्या आत हा नवा पूल बांधला गेला. डोंगरात पडलेला पाऊस सावित्रीतून इथेच येतो. म्हणूनच २०२१ च्या त्या पावसात महाड शहरही पाण्याखाली गेले होते. वरच्या माणसांचा पाऊस तो खालच्या माणसांचा पूर, हे मला आज समजले.

महाडच्या चवदार तळ्याबद्दल आम्ही इतिहासात वाचले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह या तळ्याचे पाणी पिऊन सर्वांना पाण्याचा समान हक्क आहे, हे दाखवून दिले. तळे पाहायला थांबावे असे मला फार वाटत होते; पण घड्याळात साडेबारा वाजून गेले होते.

टोळ फाट्यावरून आम्ही आंबेतच्या रस्त्याला लागलो. १९८० ते १९८२ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे हे गाव. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच कारकिर्दीत, १९८१ मध्ये मिळाले. इथे सावित्रीला पाहून आम्ही थक्क झालो. सकाळची ती बारीक धार आता रुंद खाडी झाली होती. समुद्राच्या भरतीचे खारे पाणी इथवर आत येते. काठावर होड्या बांधलेल्या होत्या. म्हसळा मागे टाकून आम्ही श्रीवर्धनला पोहोचलो, तेव्हा तीन वाजून गेले होते. दारात कोणाचीही गाडी नव्हती.

नाना ओट्यावर एकटेच बसले होते. अम्मी धावतच त्यांच्याजवळ गेली. "नाना, सही केलीत?" तिने विचारले.

"नाही," नाना म्हणाले. "तो माणूस तासभर बसला आणि गेला. उद्या पुन्हा येतो म्हणाला. मी त्याला सांगितले, या वाडीत माझ्या लेकीचाही हक्क आहे. तिला विचारल्याशिवाय मी कागदाला हात लावणार नाही."

अम्मीच्या डोळ्यांत पाणी आले. "मग मला विचारा. मी नाही म्हणते," ती म्हणाली.

"पण बेटी, झाडांना पाणी कोण घालणार? माझे हात आता थकले."

"आपण एक गडी ठेवू. त्याचा पगार मी पाठवीन," अब्बा म्हणाले. अम्मी म्हणाली, "आणि पावसाळा संपला की मी दर महिन्याला येईन."

नाना काहीच बोलले नाहीत. एवढ्यात घरामागे गेलेला भाऊ ओरडत आला, "नाना, विहिरीजवळ पिशव्यांमध्ये किती छोटी छोटी रोपे आहेत!"

आम्ही जाऊन पाहिले. सुपारीची पंचवीस-तीस रोपे सावलीत ओळीने ठेवलेली होती. सगळी हिरवीगार, रोज पाणी मिळालेली. वाडी विकणाऱ्या माणसाने वर्षभर रोपे कशासाठी वाढवली होती? अम्मीने नानांकडे पाहिले. नाना किंचित हसले आणि म्हणाले, "सवय आहे हाताला. दुसरे काय!"

दुसऱ्या दिवशी घेणाऱ्या माणसाला नानांनी चहा पाजून परत पाठवले. सकाळी आम्ही सर्वांनी मिळून रोपे लावली. रात्री मुक्कामाला राहिलेल्या ड्रायव्हरकाकांनीही दोन खड्डे खणले. संध्याकाळी नाना आम्हांला हरिहरेश्वरला घेऊन गेले. समोर बाणकोटची बाजू दिसत होती. मधून सावित्री शांतपणे समुद्राला मिळत होती.

"काका, आधी कोण पोहोचले? ती की आपण?" भावाने विचारले.

"आपण उशिरा का होईना, सुखरूप पोहोचलो," काका म्हणाले. "पोहोचणे महत्त्वाचे."

मी मनात हिशेब केला. ही झाडे फळाला येतील, तेव्हा मी कॉलेजात असेन. पहिली सुपारी नानांच्याच हातात द्यायची, असे मी ठरवून टाकले.

शब्दार्थ

वाडी – घराजवळची बाग
नेम नसणे – खात्री नसणे
दरड – डोंगराचा सुटलेला, कोसळलेला भाग
काकुळतीने – विनवणी करून
खाडी – नदीच्या मुखाकडील खाऱ्या पाण्याचा भाग
थक्क होणे – आश्चर्य वाटणे
गडी – शेतात, वाडीत काम करणारा माणूस
सुखरूप – कोणताही अपघात न होता

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नाना वाडी का विकणार होते?
(आ) घाटात गाड्या का थांबल्या होत्या?
(इ) नानांनी कागदावर सही का केली नाही?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) घाट उतरताना ड्रायव्हरकाका कोणती काळजी घेत होते?
(आ) "वरच्या माणसांचा पाऊस तो खालच्या माणसांचा पूर" असे लेखिकेला का वाटले?

३. नानांना वाडी मनापासून विकायची नव्हती, हे कशावरून कळते?

४. उपक्रम : नकाशात महाबळेश्वर, पोलादपूर, महाड, आंबेत, हरिहरेश्वर व श्रीवर्धन ही ठिकाणे शोधा. सावित्री नदीचा मार्ग निळ्या रंगाने दाखवा.