श्रद्धा आणि सेवा : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही श्रद्धा पुढे कोणत्या कामांत उतरली, ते आपण पाहू. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-स्त्रिया आणल्या. स्वतःचे आई-वडील त्यांनी दुष्काळातच गमावले होते. भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. केडगावच्या मुक्ती सदनात या स्त्रियांना अन्नाबरोबर अक्षरओळख, विणकाम, छपाईचे काम मिळाले. मराठीच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे, की अल्पशिक्षित बायांनाही कळावे म्हणून रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. भाषेचा सोपेपणा हाही येथे सेवेचाच भाग आहे.

तथापि १८९३ मध्ये शारदा सदनातील धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात मोठा वाद झाला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा आक्षेप केवळ सनातनी म्हणून बाजूला सारता येत नाही. आश्रयाला आलेली व्यक्ती कितपत मोकळेपणाने निवड करू शकते?

स्वाध्याय : बोदवड परिसरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीकडून १९७२ च्या दुष्काळातील मदतीची आठवण ऐका. मदत करणाऱ्याने बदल्यात काही अपेक्षिले होते का, ते एका परिच्छेदात लिहा.