आठ दिवसांत उजळ

आठ-दहा दिवसांत चेहरा उजळवणारी ट्यूब कुणी हातात ठेवली, तर आधी ती उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचावीत. दिसत नसली तर मोबाइलवर फोटो काढून मोठी करावीत. पुढे जे सांगणार आहे ते एवढ्यासाठीच.

आमच्याकडे मुलीचा रंग तिच्या बारशाआधीच ठरतो. बाळंतिणीला बघायला आलेल्या बायका बाळाचे कान दुमडून पाळ्यांचा रंग बघतात. अंगाचा गुलाबीपणा जाईल, कानाचा रंग तोच खरा, असा समज. मी तिथेच नापास झाले होते म्हणे. पुढे मसुराच्या डाळीचं पीठ, साय, हळद, संत्र्याची सालं असं सगळं यथासांग झालं. त्यानं रंग बदलला नाही, पण काही बिघडलंही नाही. घरात कुणी दुष्ट नव्हतं. आईला एवढीच काळजी, की पोरीला नकार पचवावे लागू नयेत.

ते लागलेच. एका कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाच्या मावशीने मला शेजारी बसवून घेतलं, प्रेमाने हात हातात घेतला आणि बोलता बोलता ब्लाउजची बाही दोन बोटं वर सारली. चेहऱ्यावर पावडर असू शकते, दंडावर कोण लावतं! गप्पा कॉलेजच्याच चालल्या होत्या, नजर मात्र दंडावर. दोन दिवसांनी मध्यस्थांकडून निरोप आला: मुलगी नाकीडोळी नीटस आहे, शिकलेली आहे, पण आमच्या मुलापुढे जरा डावी दिसते.

मग चुलत बहिणीने एस. टी. स्टँडसमोरच्या मेडिकलमधून ट्यूब आणून दिली. तिच्या मैत्रिणीला ‘एकदम फरक’ पडला होता. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, कुणाला हवी तेही विचारलं नाही. रात्री लावा, सकाळी धुवा, एवढंच. स्वस्त होती. आणि तिने खरोखर काम केलं. आठवड्याभरात पुटकुळ्या बसल्या, चेहरा सपाट, तुकतुकीत दिसू लागला, रंग दोन छटा उतरला. लोक थांबवून विचारू लागले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला ‘काय लावतेस गं’ असं विचारत होतं, आणि ते ऐकायला फार गोड वाटतं हे मी नाकारणार नाही.

तीनेक महिन्यांत उन्हात चेहरा चरचरू लागला. भाकरी भाजताना गॅसची धग सोसेना. गालांवर बारीक लव वाढली, नाकाच्या कडेला लाल दोऱ्यांसारख्या शिरा दिसू लागल्या. ट्यूब बंद केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड सुजून लाल होई, पुरळ उठे, पाणी लागलं तरी आग. पुन्हा लावली की रात्रीत शांत. म्हणजे ट्यूबच बरी, असं वाटून पुन्हा तीच. या फेऱ्याला दारूच्या व्यसनाहून वेगळं नाव द्यायचं मला काही कारण दिसत नाही.

शेवटी जिल्ह्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “चेहरा नंतर बघते, आधी ट्यूब दाखवा.” तिच्यात तीन औषधं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. ही तिकडी डॉक्टर वांगावर देतात, तीही मोजक्या आठवड्यांसाठी आणि नजरेखाली. यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड. ते रक्तवाहिन्या आकसवतं म्हणून लाली जाते, दाह दाबतं म्हणून पुरळ बसतं, रंगद्रव्य तयार होणं मंदावतं म्हणून चेहरा फिका पडतो. आपण ज्याला उजळणं म्हणतो ते हेच. त्याच वेळी कातडी पातळ होत असते. औषध थांबलं की आकसलेल्या वाहिन्या एकदम फुलतात आणि दाबलेला दाह उसळी मारून वर येतो. तेव्हा ट्यूब आधी चांगली होती आणि मग ‘सोसली नाही’ असं काही नसतं. पहिल्या आठवड्यातली चमक आणि तिसऱ्या महिन्यातली आग एकाच कारणाने आलेली असते. डॉक्टर मंडळींनी या विकाराला स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा असंच नाव दिलं आहे, इतके त्याचे पेशंट त्यांच्याकडे येतात.

बरं व्हायला वर्षाहून जास्त गेलं. त्या शिरा अजून आहेत.

आता कामाचं. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव दिसलं, तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, स्टिरॉइड आहे. क्लोट्रिमॅझोल, केटोकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं. पण गजकर्णावरच्या बऱ्याच मलमांत या दोन्ही जाती एकत्र कालवलेल्या असतात, आणि घरात कुणाच्या गजकर्णासाठी आणलेलं मलम तरुण पोरं मुरमांवर लावतात. पोरं म्हणजे मुलगेही. स्टिरॉइड वाईट औषध नाही. इसबावर, कोडावर ते योग्य हातात गुणकारीच ठरतं. पण चेहऱ्याची कातडी नाजूक, आणि रोज रात्री लावायची क्रीम म्हणून ते कुणीही वापरू नये. हायड्रोक्विनोनही वर्षानुवर्षं चोपडलं तर काहींच्या चेहऱ्यावर निळसर काळे डाग उठतात, ते सहजी जात नाहीत. गोरं व्हायला गेलेल्या माणसाची याहून क्रूर थट्टा नसेल.

कुणी आधीच अशी ट्यूब लावत असेल, तर हे वाचून आज रात्री फेकून देऊ नका. एकदम बंद केल्याने जो भडका उडतो त्याला घाबरूनच माणूस पुन्हा दुकानात जातो. ट्यूब पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. ते ती हळूहळू सोडवतात, मधल्या काळात साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन देतात. त्या दिवसांत बेसन, लिंबू, पार्लरचं ब्लीच, काहीही चेहऱ्याला लावू नये. आणि लग्न दोन महिन्यांवर आलं असेल तरी घाई करू नये, कारण घाईवरच हा सगळा धंदा चालतो.

ज्या डबीवर कंपनीचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, जी पार्लरवाली ‘स्पेशल’ म्हणून देते, तिच्यापासून तर चार हात लांबच. तिच्यात पारा असू शकतो. २०२३ साली बातमी आली होती: अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना पार्लरमधून आणलेल्या क्रीमनंतर मूत्रपिंडाचा विकार जडला आणि मुंबईच्या केईएममध्ये शोध घेतल्यावर कारण निघालं ते त्या क्रीममधला पारा. अशी क्रीम लावणाऱ्याच्या पायांवर, डोळ्यांखाली सूज येऊ लागली किंवा लघवीला फेस दिसू लागला, तर थेट डॉक्टर गाठावा. ‘गोरेपणाचं इंजेक्शन’ म्हणून जे ग्लुटाथायोन शिरेतून देतात, त्याला या कामासाठी आपल्याकडे मान्यता नाही.

कायदा नाही असं नव्हे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या ॲस्कीने २०१४ पासून सावळी माणसं दुःखी, मागे पडलेली दाखवू नयेत असा नियम केला. १९७५ पासून घरोघरी गेलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगानुसार स्थळं गाळण्याची सोय बंद केली. चांगलंच झालं. पण काउंटरवर आजही चिठ्ठी मागायची कुणाला आठवण होत नाही. अशा दुकानाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. बिल मागून घेतलं तर तक्रारीला पुरावा राहतो.

आणि एक साधी गोष्ट मला फार उशिरा कळली. रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या कातडीत साधारण सारख्याच संख्येने असतात. त्या किती आणि कसलं रंगद्रव्य बनवतात, त्याचे कण केवढे आणि कसे पसरतात, एवढाच फरक, आणि तो मुख्यतः आईबापांकडून आलेला. मेलॅनिन जास्त असलेल्या कातडीला उन्हापासून निसर्गतःच थोडं अधिक संरक्षण मिळतं. शाळेत हा धडा पाठ केला होता, तरी दंडावरची बाही सरकली तेव्हा तो कुणाच्याच उपयोगी पडला नाही.

मुलींना ‘तू आहेस तशीच सुंदर’ असं रोज सांगावं, असा सल्ला हल्ली देतात. सांगा, हरकत नाही. पण मला वाटतं, बोलणं थोडं कमी केलं तरी जास्त भागेल. उन्हातून आलेल्या पोरीला ‘किती रापलीस’ म्हणू नका. बहिणी-बहिणींत उजवी-डावी करू नका. बाळाचे कान दुमडू नका. सुनेला केशराचं दूध खुशाल द्या, पण चवीसाठी.

वधूवर सूचक मंडळं चालवणाऱ्यांना आणि बायोडेटा टाइप करून देणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे: फॉर्मवर ‘वर्ण’ हा रकाना छापूच नका. गण, नाडी, पगार, शेती, पुण्यातला फ्लॅट, विचारायला बाकी पुष्कळ आहे.