बंद पडलेला संगणक : निदान आणि उपाय

(द्वितीय वर्ष, कला)

संगणक हे शास्त्र शाखेचे साधन, असा समज आपल्या कला शाखेत अजूनही थोडाफार आढळतो. वास्तविक आज प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रकल्प-अहवाल यांपैकी एकही गोष्ट संगणकावाचून पुरी होत नाही. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमामुळे गावोगावची मुले संगणक चालवावयास शिकली. परंतु चालणारा संगणक चालविणे वेगळे आणि न चालणाऱ्या संगणकाला काय झाले आहे हे ओळखणे वेगळे. हे दुसरे शिक्षण आपल्याला सहसा कोणी देत नाही. म्हणून घरचा संगणक सुरू होत नसेल तर कोणत्या क्रमाने विचार करावा, एवढाच मर्यादित विषय प्रस्तुत लेखात घेतला आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली आपल्या कल्याणात झाला आणि १८८६ साली त्यांनी अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळविली. त्या शास्त्रात रोग ओळखल्यावाचून औषध देत नाहीत. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो. यंत्र अडले की कोणीतरी म्हणतो, "फॉरमॅट मारून टाक!" हे निदान नव्हे. पुष्कळदा तो उपायही नसतो, आणि त्यात घरची कागदपत्रे कायमची जाण्याचा संभव असतो.

संगणक सुरू होतो म्हणजे काय?

संगणक सुरू होण्याला 'बूट होणे' म्हणतात. हा शब्द पायातल्या बुटावरूनच आला आहे. बुटाच्या मागचा पट्टा ओढून स्वतःच स्वतःला वर उचलावे, अशी ती कल्पना आहे. संगणकाला कोणतेही काम करावयास आज्ञावली लागते. पण ती आज्ञावली डिस्कवरून उचलून आणावयासही दुसरी आज्ञावली लागते. हा पेच चार पायऱ्यांनी सुटतो.

पहिली पायरी विजेची. घरातील २३० व्होल्टची वीज पेटीतील पॉवर सप्लाय १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणतो. दुसरी पायरी तपासणीची. मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम असलेली 'बायॉस' नावाची छोटी आज्ञावली (नव्या यंत्रांत 'यूईएफआय') मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत की नाहीत ते पाहते. तिसऱ्या पायरीत ती डिस्क शोधून तेथील प्रारंभीची आज्ञावली मेमरीत आणते. चौथ्या पायरीत विंडोज किंवा लिनक्स ही मुख्य प्रणाली उभी राहते आणि आपल्याला ओळखीचा पडदा दिसतो.

यंत्र कोणत्या पायरीवर अडले हे कळले की निम्मे काम झाले.

पायरी पहिली : काहीच होत नाही

बटण दाबले, पण दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तेव्हा दोष विजेच्या वाटेवर शोधावा. प्रथम त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. मग एक्स्टेंशन बोर्ड बदलावा. यूपीएस असेल तर तो वगळून वायर थेट भिंतीतील सॉकेटला लावावी. यूपीएसची बॅटरी संपल्याने संगणक 'मेला' असे वाटणे ही नेहमीची गोष्ट आहे. पेटीच्या मागील वायर घट्ट बसवावी आणि तेथील लहान बटण चालू आहे ना ते पाहावे. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि पुन्हा चार्जर लावून पाहावे. एवढे करूनही यंत्र गप्प असेल तर बहुधा पॉवर सप्लाय गेला असतो. तो बदलता येतो. परंतु तो उघडू मात्र नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते.

पायरी दुसरी : पंखा फिरतो, पडदा काळा

येथे आधी मॉनिटरवर संशय घ्यावा. त्याचा स्वतःचा दिवा लागतो का, त्याची वायर दोन्हीकडे नीट बसली आहे का, ते पाहावे. ते ठीक असेल तर दोष बहुधा मेमरीच्या पट्टीत, म्हणजे रॅममध्ये असतो. यंत्र ठरावीक अंतराने 'बीप' वाजवीत असेल तर ते आपले दुखणेच सांगत असते; मात्र किती बीपचा कोणता अर्थ हे कंपनीगणिक बदलते.

आपल्या कल्याण-डोंबिवलीत जून ते सप्टेंबर हवा दमट असते आणि इतर वेळी धूळ भरपूर. त्यामुळे पट्टीच्या सोनेरी टोकांवर मळ धरतो आणि विजेचा स्पर्श नीट होत नाही. उपाय सोपा आहे. प्लग काढावा, लोखंडी पेटीला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी, दोन्हीकडच्या खिट्ट्या उघडून पट्टी काढावी, टोके स्वच्छ खोडरबराने हलकेच घासावीत, कोरड्या ब्रशाने जागा झाडावी आणि 'टक्' असा आवाज होईपर्यंत पट्टी परत बसवावी. यंत्र वॉरंटीत असेल तर मात्र पेटी उघडू नये.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या एका ताईच्या संगणकाचा 'मदरबोर्ड गेला' असे एका दुरुस्तीवाल्याने सांगितले होते. तिचे वडील रिक्षा चालवितात. नव्या मदरबोर्डाचा खर्च ऐकून घरात संगणक विकून टाकण्याची भाषा सुरू झाली होती. वरीलप्रमाणे पट्टी पुसून बसविल्यावर तोच संगणक सुरू झाला आणि आजही चालतो आहे. प्रत्येक वेळी असे घडेल असे नाही. पण खर्चाला होकार देण्यापूर्वी फुकटची तपासणी करावयास काय हरकत आहे?

पायरी तिसरी : 'बूट डिव्हाइस सापडत नाही'

असा संदेश आला तर आधी यंत्राला लावलेला पेनड्राइव्ह काढावा; यंत्र त्यातच प्रणाली शोधीत बसलेले असते. मग डिस्कची वायर सैल झाली आहे का ते पाहावे. संगणकाचे घड्याळ दरवेळी मागच्या कुठल्यातरी वर्षात जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली आहे असे समजावे. तिचे नाव सीआर २०३२. ती ३ व्होल्टची असते आणि घड्याळाच्या दुकानातही मिळते. डिस्क मात्र 'कट-कट' असा आवाज करू लागली, तर यंत्र ताबडतोब बंद करावे. अशी डिस्क जितकी चालवावी तितकी आतील माहिती धोक्यात येते.

पायरी चौथी : चिन्ह दिसते, पुढे जात नाही

विंडोजचे चिन्ह दिसून यंत्र पुन्हापुन्हा सुरू होत असेल किंवा निळा पडदा येत असेल, तर यंत्राचे अवयव बहुतांशी ठीक आहेत, दोष आज्ञावलीत असण्याचा संभव जास्त, असे धरून चालावे. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोन-तीनदा फसला की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखविते. त्यात 'स्टार्टअप रिपेअर', शेवटचे अपडेट काढून टाकणे आणि 'सेफ मोड' असे मार्ग असतात. सेफ मोड म्हणजे अत्यावश्यक तेवढ्याच आज्ञावली घेऊन सुरू होणे.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी घडले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीचे एक सदोष अपडेट गेले आणि जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्या देशात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय कोणता होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे! एकही भाग बदलावा लागला नाही.

वीज आणि पाणी

आणखी एक कारण आपल्या हाताबाहेरचे असते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा येथील ४०० केव्हीच्या यंत्रणेत बिघाड होऊन मुंबई-ठाण्याची वीज एकाएकी गेली. पडघा आपल्यापासून दूर नाही. टाळेबंदीचा तो काळ. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइली अर्धवट राहतात आणि पुढच्या वेळी यंत्र चौथ्या पायरीवर अडते. म्हणून यूपीएस ही चैन नव्हे.

२६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास आणि वालधुनी या नद्यांचे पाणी सखल भागातील घराघरांत शिरले होते. संगणकाची पेटी जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावी, एवढा धडा तरी त्यातून घ्यावा. भिजलेले यंत्र 'चालते का' म्हणून सुरू करून पाहू नये. ओल्या भागांत वीज गेली की वाचण्यासारखे भागही जातात.

फॉरमॅटपूर्वी

अखेरीस सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 'सी' ड्राइव्ह फॉरमॅट केला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या दोन्ही ठिकाणचे सारे जाते, कारण ती दोन्ही सहसा त्याच ड्राइव्हमध्ये असतात. आपण बहुतेकजण नेमके तेथेच सर्व ठेवतो. विंडोज उभी राहत नसली तरी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, फाइली बहुधा काढता येतात. डिस्क कुलूपबंद असेल तर ४८ अंकी किल्ली लागते. ती आधीच कागदावर लिहून ठेवावी. दुरुस्तीवाल्याला पहिले वाक्य हेच सांगावे : "आधी माझ्या फाइलींची प्रत काढा, मग काय ते करा."

ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात येते, त्या घरात संगणक बहुधा एकच असतो आणि तो हप्त्याने किंवा जुना घेतलेला असतो. तेथे भीतीपोटी त्याला कोणी हात लावीत नाही, आणि अज्ञानापोटी सांगेल तो खर्च मान्य केला जातो. वीज, तपासणी, डिस्क, प्रणाली हा चार शब्दांचा क्रम ध्यानात ठेवला तर ही भीती बरीच कमी होईल. सर्व बिघाड आपल्याला दुरुस्त करता येणार नाहीत. परंतु दुकानात गेल्यावर काय विचारावे, एवढे तरी विद्यार्थी मित्रांना कळावे, ही अपेक्षा.